झिरो पुन्हा हलला? टरेट फिरवण्याआधी माउंट खोलून पाहा

रविवारी रायफल झिरो केली, म्हणजे स्कोपमधून (वरच्या दुर्बिणीतून) जिथे नेम धरू तिथेच छर्रा लागेल अशी जुळवली. २५ मीटरवर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे लागले. पुढच्या रविवारी तीच रायफल, तेच छर्रे, तोच माणूस. आणि ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, दोन बोटं डावीकडे, खाली. टरेट, म्हणजे स्कोपवरची नेम सरकवायची घुंडी, क्लिक-क्लिक फिरवून मध्यावर आणला, तर तासाभरात परत सरकला. तिसऱ्या आठवड्यात माणूस वैतागतो आणि म्हणतो, स्कोपच खराब निघाला, नवीन घ्यावा लागणार.

थांबा. नवीन स्कोप त्याच रिंगांत (त्याची नळी धरणाऱ्या कड्यांत) आणि त्याच माउंटवर (रिंगा रायफलीला जोडणाऱ्या भागावर) बसणार असेल, तर तोही असाच हलेल.

मी भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्तीनंतर आमच्या क्लबातल्या मुलांच्या रायफली बघून देतो. बहुतेक ४.५ मिलिमीटरच्या, नळी मोडून कॉक करायच्या स्प्रिंगच्या एअर रायफली. अधूनमधून पीसीपी (टाकीत आधीच दाबलेल्या हवेवर चालणारी), क्वचित परवान्याची पॉइंट टू-टू (काडतुसाची रायफल). हलत्या झिरोची तक्रार घेऊन आलेल्या रायफलींत दोष स्कोपच्या आत सापडला, असं फार थोड्या वेळा झालं. बाकी सगळीकडे दोष जोडात होता. स्कोप आणि रिंग यांच्यात, रिंग आणि रेल (रायफलीच्या माथ्यावरची खाचांची पट्टी) यांच्यात, नाहीतर रायफल आणि दस्ता (तिचा लाकडी भाग) यांच्यात.

जोड किती हलला की किती फरक पडतो, हे एकदा आकड्यात पाहून घ्या. दोन रिंगांमधलं अंतर १० सेंटिमीटर धरा. मागची रिंग ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली, म्हणजे साधारण एका जाड केसाएवढी, तर २५ मीटरवर छर्रा २५ मिलिमीटर बाजूला लागतो. पाव मिनिटाच्या टरेटवर (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) २५ मीटरला एक क्लिक म्हणजे १.८ मिलिमीटर. केसभर हललेल्या रिंगेने चौदा क्लिकचा घोळ केला, आणि डोळ्याला काहीच दिसलं नाही.

हे ज्ञान आपल्याकडे सहज मिळत नाही, त्याचं कारणही सांगतो. आपली नेमबाजी मोठी झाली ती ऑलिंपिकच्या प्रकारांवर. अंजली भागवत २००० साली सिडनीत १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत गेल्या, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. दोघांच्याही रायफलीवर भिंगाची दुर्बीण नव्हती, कारण त्या स्पर्धांच्या नियमांत ती चालतच नाही. तिथे डायऑप्टर साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट असते. त्यामुळे मुंबईत कोच उत्तम आहेत, पण स्कोप कसा बसवावा हे शिकवणारा माणूस शोधावा लागतो. मग मुलं डब्यात आलेल्या ॲलन कीने जमेल तसं आवळतात.

आधी दहा मिनिटांची तपासणी

रायफल रिकामी आहे, कॉक केलेली नाही आणि नळीत छर्रा नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग स्कोपला हात न लावता दस्त्याचे स्क्रू तपासा. पुढच्या लाकडाच्या दोन बाजूंना दोन आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन असतात. स्प्रिंगची रायफल प्रत्येक झटक्याला हे स्क्रू थोडेथोडे सोडवते. ते ढिले असतील तर ग्रुप कोणत्याही एका बाजूला जात नाही, नुसता फुगतो. नळी ज्या पिव्होटवर मोडते तिथेही बाजूला खेळ आहे का ते पाहा. तिथे खेळ असेल तर स्कोपचं कितीही केलं तरी व्यर्थ.

दुसरी तपासणी पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोकं हललं की रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते त्या दोषाची. रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, हात काढून घ्या आणि आयपीसमागे (डोळ्याकडच्या भिंगामागे) डोकं सावकाश वरखाली, डावी-उजवीकडे हलवा. रेटिकल टार्गेटवर सरकताना दिसलं, तर तुमचा अर्धा ‘हलता झिरो’ गालाच्या जागेमुळे आहे. बंदुकीसाठी बनवलेल्या साध्या स्कोपांचा पॅरॅलॅक्स कारखान्यातच १०० यार्डांच्या आसपास बांधलेला असतो. तो १० किंवा २५ मीटरला वापरला की हे होणारच. जवळच्या अंतरावर फोकस होणारा स्कोप घ्यावा लागतो, माउंट बदलून हे सुटत नाही.

एवढं झाल्यावर टार्गेटचा कागद वाचा. छर्रे एकाच दिशेने हळूहळू सरकत गेले असतील, तर काहीतरी घसरतंय. दोन वेगळे, पण दोन्ही घट्ट ग्रुप पडत असतील, तर कुठलातरी भाग दोन जागांमध्ये उड्या मारतोय: ढिली रिंग, पिव्होट किंवा स्कोपच्या आतली स्प्रिंग. कागदावर तारीख आणि छर्ऱ्यांचा क्रम लिहायची सवय लावा. पहिला छर्रा कुठला आणि दहावा कुठला हे माहीत नसेल, तर त्या कागदातून काही कळत नाही.

घसरणारा माउंट

मुलुंडची एक मुलगी आमच्याकडे येते, बारावीत आहे. मागच्या उन्हाळ्यात ती सलग चार आठवडे एकच वाक्य घेऊन आली.

“काका, परत खाली गेला.”

“किती क्लिक वर घेतलेस आतापर्यंत?”

“मोजले नाहीत. पण टरेट आता जड लागतोय.”

“आण इकडे. आणि आयपीस डोळ्याच्या जवळ आल्यासारखी वाटते का गं?”

ती थांबली आणि म्हणाली, “हो. आधी कपाळ लांब असायचं.”

मी बारीक बघायचं भिंग हातात घेतलं. रेलच्या काळ्या ॲनोडायझिंगवर, पुढच्या रिंगेच्या पुढे, चार मिलिमीटर लांबीचे दोन चकचकीत समांतर ओरखडे होते. माउंट तेवढा मागे आला होता. कोणी ढकलला नव्हता, रायफलीनेच नेला होता.

हे असं का होतं, ते समजलं की अर्धं काम झालं. बंदुकीचा धक्का एकदाच, मागे बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आधी जड पिस्टन पुढे झेपावतो, त्याने रायफल थोडी मागे येते. मग पिस्टन पुढच्या टोकाला हवेच्या गादीवर अचानक थांबतो आणि रायफल पुढे झटकली जाते. दुसरा झटका जास्त तीक्ष्ण असतो. रायफल पुढे जाते, स्कोप आपल्या वजनाने जागेवर राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबाने तो मागे सरकतो. म्हणूनच मोठ्या बंदुकीचा धक्का सोसणारा चांगला स्कोपही स्प्रिंगच्या रायफलीवर मोडू शकतो: तो एकाच बाजूचा धक्का सोसायला बनवलेला असतो.

यातून बसवण्याची एक महत्त्वाची गोष्ट निघते. पिकॅटिनी रेलवर (आडव्या खाचांच्या प्रमाणित पट्टीवर) रिंग बसवताना ‘पुढे ढकला आणि मग आवळा’ असं सगळीकडे सांगतात. बंदुकीसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे स्कोप पुढे सरकू पाहतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीला नेमकं उलट करायचं: माउंट मागे, अडसराला टेकवून मग आवळायचा. मधे एक केसाची फट राहिली तरी पहिल्या दहा-वीस छर्ऱ्यांत माउंट तेवढा सरकून अडसरावर आदळेल, आणि तुम्ही केलेला झिरो गेला.

अडसर म्हणजे काय? बऱ्याच रायफलींच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य धडावर), रेलच्या मागच्या भागात एक किंवा दोन भोकं असतात. वन-पीस माउंटच्या (दोन्ही रिंगा एकाच तुकड्यावर असलेल्या) खालून एक छोटी पिन बाहेर येते, ती त्या भोकात बसते. भोक नसेल तर मागच्या रिंगेच्या मागे वेगळा स्टॉप ब्लॉक लावायचा. इथे एक चूक मी वारंवार पाहतो. पिन जास्त खाली फिरवली तर ती भोकाच्या तळाला टेकते आणि माउंट मागून उचलला जातो. वरून सगळं घट्ट दिसतं, पण जबडे रेलला पूर्ण धरत नाहीत. पिन भोकाच्या तळापासून वर हवी आणि फक्त भोकाच्या भिंतीला टेकलेली हवी. त्या मुलीच्या माउंटला पिन होती. डबा उघडल्या दिवसापासून ती वरच आत फिरवलेली होती, भोकात कधी गेलीच नव्हती.

जबडा रेलला खरंच धरतो का?

‘११ मिलिमीटर डोव्हटेल’ (रेलच्या कडेच्या तिरक्या खाचेचं माप) हा शब्द सगळीकडे लिहिलेला असतो आणि सगळीकडे खरा नसतो. पॉइंट टू-टूच्या अमेरिकन रायफलींवर ३/८ इंची खाच असते, ती ९.५ मिलिमीटर. काही एअर रायफलींवर १३ मिलिमीटरच्या पुढे मोजल्याचं मला आठवतं. रुंदी जुळली तरी खाचेचा कोन वेगळा असू शकतो. मग जबड्याची पूर्ण बाजू न टेकता नुसती एक कड टेकते. कडेवर धरलेली वस्तू झटके बसले की सरकणारच.

टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग जुळतात का हे पाहायला आम्ही निळा रंग लावायचो. इथे साधा मार्कर पेन पुरतो. रेलच्या दोन्ही खाचांवर मार्कर फिरवा, वाळू द्या, माउंट बसवून नेहमीसारखा आवळा, सोडा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. शाई खाचेच्या उतारावर पट्ट्यासारखी पुसली गेली असेल तर संपर्क चांगला आहे. नुसती सुईसारखी एक रेघ चमकत असेल, किंवा एका टोकाला ठिपका आणि दुसऱ्या टोकाला काहीच नसेल, तर तो माउंट या रायफलीचा नाही. कानस घेऊन जुळवायला जाऊ नका. माझा हात त्यात आयुष्यभर बसलेला आहे, तरी मी जबडा घासत नाही, बदलतो.

बसवण्याआधी रेल आणि जबडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. नव्या रायफलीवरही कारखान्याचं तेल असतं, आणि त्या तेलावर माउंट घसरतो.

रिंगेच्या आत स्कोपची नळी फिरत किंवा सरकत असेल, तरी हीच साफसफाई. त्यानंतरही सरकली तर व्हायोलिनच्या कमानीला लावतात ती राळ बारीक कुटून रिंगेच्या खालच्या अर्ध्यात चिमूटभर फासा. विजेची पीव्हीसी टेप गुंडाळू नका. ती मऊ असते, दाबाखाली पसरत जाते आणि महिन्याभरात रिंग ढिली होते. एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरची नळी प्लॅस्टिकची कडी घालून ३० मिलिमीटरच्या रिंगेत बसवलेली असते, त्याचंही तेच. नळीच्या मापाचीच रिंग घ्या.

आवळायचं किती

रिंगेच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन मीटर पुरतं. माउंट बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा) नसेल तर सामान तोलायचा छोटा काटा वापरता येतो: ॲलन कीच्या लांब दांडीवर, स्क्रूच्या मध्यापासून ६ सेंटिमीटरवर काट्याचा हूक अडकवा आणि दांडीला काटकोनात ओढा. साधारण ३.४ किलोला २ न्यूटन मीटर होतात. मुलं मुठीत की धरून सहज १० किलोचा जोर लावतात, म्हणजे लागतो त्याच्या तिप्पट. ॲल्युमिनिअमची नळी त्या जोराने चेपते, आतला इरेक्टर (टरेटने हलणारी आतली नळी) अडकतो, झूमची रिंग जड होते, आणि मग स्कोप खरोखरच खराब होतो.

स्क्रू आळीपाळीने, तिरके, पाव-पाव फेरा देत आवळा. रिंगेच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. फट एका बाजूला पूर्ण मिटली तर तो स्क्रू आवळला तरी नळीला धरणार नाही. आटे कोरडे असू द्या. तेल लावलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला ताण जास्त येतो आणि स्क्रू तुटायची वेळ येते. बेसच्या (माउंटच्या खालच्या भागाच्या) स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) चालतं. लाल लावू नका, ते सोडवायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं.

स्क्रूचं डोकं खाल्लं की आपण सगळे नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जातो, मीही जातो. तिथे १२.९ ग्रेडचे चांगले सॉकेट स्क्रू मिळतात. पण जुना स्क्रू सोबत न्या आणि पिच गेजने (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्टीने) आटा मोजून घ्या. बऱ्याच माउंटना इंची आटे असतात. आठ-बत्तीस या इंची मापाचा स्क्रू ४.१७ मिलिमीटर जाड, आटा ०.७९ मिलिमीटरचा, एम-४ चा स्क्रू ४ मिलिमीटर, आटा ०.७ चा. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात. एम-४ त्या भोकात दोन-तीन फेरे गोड जातो, मग जड होतो, आणि तिथे जोर लावला की ॲल्युमिनिअमचे आटे गेले. शंभर रुपयांचा स्क्रू आणायला जाऊन अख्खा माउंट घालवलेले दोघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. बोटांनी शेवटपर्यंत गेला नाही तर तो स्क्रू त्या भोकाचा नाही, असं धरून चाला.

नळी खाली झुकलेली असेल तर

त्या मुलीचा टरेट जड का लागत होता? मोडायच्या नळीच्या रायफलींत नळी रिसीव्हरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते, त्याला ड्रूप म्हणतात. छर्रा खाली लागतो म्हणून आपण क्लिक वर-वर घेत जातो. टरेट वरच्या टोकाला पोचला की आतली स्प्रिंग पूर्ण सैल पडते आणि इरेक्टर प्रत्येक झटक्याला नाचतो. दोन वेगळे घट्ट ग्रुप पडायचं हे नेहमीचं कारण. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण क्लिक मोजा. तुम्ही शेवटच्या चौथाईत असाल तर ड्रूप भरून काढणारा, मागून किंचित उंच माउंट लागेल. मागच्या रिंगेखाली धातूची पट्टी घालायचा जुना उपाय आहे, पण ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड पट्टी घालू नका. दोन रिंगा एका रेषेत न राहिल्याने नळीच वाकते.

ड्रूप निस्तरल्यावर चौकोन मारून पाहा: २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन छर्रे. शेवटचे तीन पहिल्या तिघांत पडले तर स्कोप निर्दोष आहे. हे पाहिल्याशिवाय स्कोप बदलायचा विचारही करू नका.

घ्यायचा कोणता

स्प्रिंगच्या रायफलीला वन-पीस माउंट, पिनसकट, लांब जबड्याचा, रेलला धरणारे निदान तीन स्क्रू असलेला, प्रत्येक रिंगेला वर चार स्क्रू. पीसीपीला झटका जवळजवळ नसतो, तिथे दोन सुट्या रिंगा पुरतात. परवान्याच्या मोठ्या रायफलीला स्टीलच्या किंवा ७०७५ ॲल्युमिनिअमच्या रिंगा. ७०७५-टी६ ची यील्ड ताकद (धातू कायमचा वाकायला लागेल तो ताण) ५०० मेगापास्कलच्या आसपास, ६०६१-टी६ ची २७५ च्या आसपास. पण एअर रायफलीला ६०६१ सुद्धा पुरून उरतं, मोजमापाची अचूकता जास्त महत्त्वाची. ओतीव, खडबडीत कडांचा माउंट मात्र घेऊ नका, त्याच्या रिंगा गोल नसतात. स्क्रूंची डोकी टॉर्क्सची (सहा टोकांच्या चांदणीची) असतील तर उत्तम, ती लवकर खात नाहीत. वीव्हर हा पिकॅटिनीसारखाच रेलचा प्रकार, पण वीव्हरची खाच ४.५७ मिलिमीटर रुंद आणि पिकॅटिनीची ५.२३. वीव्हरच्या रिंगा पिकॅटिनीवर बसतात, उलट नेहमी बसत नाही. उंची एवढीच घ्या की स्कोपची पुढची घंटी (फुगीर टोक) रायफलीच्या नळीला टेकणार नाही आणि नळी मोडताना आड येणार नाही. उंच माउंटवर गाल दस्त्याला टेकत नाही, मग डोकं दर वेळी वेगळ्या जागी येतं.

पैशाचा माझा हिशेब असा: स्कोपसाठी जे ठेवलंत त्याचा पाचवा भाग माउंटला द्या. स्कोपमधून तेवढे कमी झाले तरी चालेल.

पावसाळा

मुंबईत जूनपासून चार महिने कपाटातली हवा ओली असते, आणि वरळी-दादरच्या समुद्राजवळ राहत असाल तर त्यात मीठही असतं. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनिअमच्या आट्यांत ओला राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरतो. ऑक्टोबरात तो सुटत नाही, किंवा डोकं खाऊन सुटतो. रायफल फोमच्या बॅगेत पॅक करून ठेवू नका, फोम ओलावा धरून ठेवतो. बंद कपाटात, सिलिका जेल, आणि जुन्या लोकांसारखा एक झिरोचा बल्ब. त्याने भिंगांना बुरशीही लागत नाही.

सगळं बसवून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेवर, आणि माउंटच्या कडेवरून रेलवर, नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. ती तुटली की काहीतरी हललं. रेंजवर पोचल्यावर पहिला छर्रा भरण्याआधी रेघा पाहायच्या, रिक्षाने खड्ड्यांतून आला असाल तर नक्कीच.

मुलुंडच्या मुलीच्या रायफलीचा रेल पुसला, ड्रूपचा माउंट घातला, त्याची पिन भोकात बसवली, टरेट मध्यावर आणला आणि तिने घरून आणलेल्या लाल नेलपॉलिशने रेघा ओढल्या. ऑक्टोबरात तिने रायफल टेबलावर ठेवली आणि टॉर्च घेऊन स्वतःच वाकली. रेलवरची रेघ जुळलेली होती. पुढच्या रिंगेच्या एका स्क्रूची बारीक तुटलेली होती. तो स्क्रू काढून आटे पुसले, १.८ न्यूटन मीटरवर आवळला, नवी रेघ ओढली, वाळू दिली, आणि मग तिने पहिला छर्रा भरला.